शॉवरमधलं स्थळ

शाळेत इंग्रजीच्या बाईंनी ‘शॉवर’ म्हणजे पावसाची सर असं फळ्यावर लिहिलं, तेव्हा मी हात वर करून सांगितलं, की बाई, शॉवर म्हणजे माझे पप्पा कामाला जातात ते. वर्ग खिदळला. बाईंना वाटलं पोरगी आगाऊपणा करतेय, आणि तो तास मी उभ्यानं काढला. पण मी खरंच सांगत होते. आमच्या कासारवाडीच्या घरात हा शब्द पावसासाठी कुणी कधी वापरलाच नव्हता. पाऊस आला की आई ‘आला मेला’ एवढंच म्हणायची आणि दोरीवरचे कपडे ओढायला धावायची. शॉवर हे पप्पांच्या खात्याचं नाव होतं. चाकणच्या रस्त्याला गाड्या बनवणारी मोठी कंपनी होती. तिथे तयार झालेली प्रत्येक गाडी बाहेर पडायच्या आधी एका लांबलचक काचेच्या खोलीत न्यायचे आणि तिच्यावर वरून, खालून, दोन्ही अंगांनी पाण्याचा मारा करायचे. गाडीच्या आत एक माणूस बॅटरी घेऊन बसलेला असायचा. पाणी कुठून आत शिरतंय ते शोधायचं, हेच त्याचं काम. तो माणूस म्हणजे आमचे पप्पा. रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा युनिफॉर्म घालून ते कंपनीच्या बसने जायचे, दिवसभर पावसात बसायचे आणि संध्याकाळी कोरडे ठणठणीत घरी यायचे.

फोन तेव्हा कोपऱ्यावरच्या वाण्याकडे होता. कुणी पप्पांना विचारलं की वाणी तिथूनच सांगायचा, ‘शॉवरला गेलेत, संध्याकाळी येतील.’ लातूरकडच्या आमच्या एका पाहुण्यांचा बरीच वर्षं असा समज होता, की शहरात गेल्यापासून हा माणूस दिवसभर आंघोळच करतो. त्यात समोरच्या गल्लीतले शकीलचाचा त्याच कंपनीत पेंट शॉपला होते. रंगाच्या खात्यात जायच्या आधी तिथल्या माणसांना एका कपाटाएवढ्या खोलीत उभं करायचे आणि चारही बाजूंनी जोराचा वारा सोडायचे, अंगावरची धूळ निघून जावी म्हणून. त्यालाही शॉवरच म्हणायचे, एअर शॉवर. रविवारी ओट्यावर बसून या दोघांची भांडणं चालायची, की खरा शॉवर कुणाचा. ‘पाण्याशिवाय कसला शॉवर?’ पप्पा म्हणायचे. ‘अरे राव, तुम्हारे में तो गाडी नहाती है, माझ्यात माणूस साफ होतो,’ चाचा म्हणायचे. आता माझ्या भाचीच्या डोहाळजेवणाच्या पत्रिकेवर ‘बेबी शॉवर’ छापलेलं असतं. माझ्या लेकीच्या लग्नात हॉलवाल्याने ‘फ्लॉवर शॉवर’ लावला होता, म्हणजे छताला टांगलेल्या यंत्रातून नवरा-नवरीवर पाकळ्या पडतात. त्या दिवशी यंत्र अडकलं आणि सगळ्या पाकळ्या एकदम गठ्ठ्याने फोटोवाल्याच्या डोक्यात पडल्या. सांगवीच्या आमच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघरात जेवणाच्या ताटाएवढा शॉवर आहे. मी अजून त्याच्याखाली बादली ठेवते, ती भरते आणि मग तांब्याने आंघोळ करते.

घर म्हणजे दोन खोल्या आणि वर पत्रे. मागून रेल्वेची लाइन जायची. गाडी आली की भांडी थरथरायची आणि बोलणारा माणूस वाक्याच्या मध्यावर थांबायचा. गाडी गेली की जिथे सोडलं तिथूनच पुढे सुरू. आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की दुसऱ्याच्या घरीसुद्धा आम्ही मधूनच थांबायचो आणि लोकांना वाटायचं, यांना पुढचं आठवत नाहीये. शेजारच्या खोलीत आणि आमच्यात प्लायवूडचा एक पडदा होता. आईने मला हाक मारली की कधी कधी शेजारच्या काकूच ‘ती नळावर गेलीय’ असं उत्तर द्यायच्या. रविवारी आई तव्यावर सुकट परतायची, कांदा आणि लाल तिखट घालून, तर त्या वासाने शकीलचाचा बरोबर भाकऱ्या होईपर्यंत काही ना काही काम काढून यायचे. आणि पप्पांचं काम कंपनीच्या गेटवर सुटायचं नाही. नवीन डबा आणला की तो पाण्याने भरून उलटा टांगून ठेवायचे. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी पाणी हातात घेऊन आधी छताकडे बघायचे. आमचं स्वतःचं छत मात्र पावसाळाभर गळायचं, कारण पत्रे घरमालकाचे होते. आई पातेली मांडत असायची आणि पप्पा स्टुलावर चढून बॅटरी मारत असायचे. ‘पाणी जिथे पडतं तिथून ते आलेलं नसतं,’ ते वरूनच समजावायचे. ‘कुठून का आलेलं असेना,’ आई म्हणायची, ‘तो पिठाचा डबा उचला आधी.’

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड केला आणि भोसरीतल्या एका लहानशा कंपनीत लागले. गाड्यांच्या मीटरमधले सर्किट बोर्ड आम्ही बनवायचो. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. सगळ्या मुलीच होतो. सोल्डरिंगचा धूर नाकात जायचा, मान अवघडायची, सुपरवायझर कटकट्या होता, आणि तरीही मला ते काम मनापासून आवडायचं. विशेष करून सेकंड शिफ्टची परतीची बस. अंधार झालेला असायचा, खिडक्या उघड्या, कुणी गाणं म्हणतंय, कुणी उरलेलं लोणचं सगळ्यांच्या तळहातावर वाटतंय. कासारवाडीचा स्टॉप येईपर्यंत मी कुणाची मुलगी नसायचे, कुणाची भाची नसायचे. असं काही मी तेव्हा कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. बोलले असते तर आईने माझी नजर काढली असती.

आणि याच सुमारास देहूरोडच्या आत्याने माझ्यासाठी स्थळ आणलं. मुलगा मिलिंद, सांगवीचा, डिप्लोमा झालेला, एका कंपनीत मेंटेनन्सला. घरात तो आणि त्याची आई. वडील तो लहान असतानाच गेलेले. एका रविवारी विहारातून परस्पर ही मंडळी आमच्याकडे आली. जय भीम झाला, पाणी झालं, पप्पांनी पाहुण्यांना बसायला कोरडी बाजू दिली. मी चहा घेऊन आले. मुलगा उंच, सावळा, हात मांडीवर ठेवून फोटोला बसल्यासारखा बसला होता.

‘काय शिकलायस रं बाळा?’ आत्याने विचारलं.

‘आमचा डिप्लोमा झालाय,’ त्याची आई म्हणाली. ‘मेकॅनिकल.’

‘साखर कितपत?’ माझ्या आईने विचारलं.

‘आम्हाला कमी लागते,’ त्याची आई म्हणाली.

मला वाटलं, साधं काहीतरी विचारून बघावं. मी थेट त्याच्याकडे बघत म्हटलं, ‘तुम्ही कुठल्या शिफ्टला असता?’ त्याने तोंड उघडलं. मला ते अगदी स्पष्ट आठवतं, त्याने तोंड उघडलं होतं. ‘आम्ही सेकंडला असतो,’ त्याची आई म्हणाली. मग मागून लोकल गेली आणि सगळे थांबले. गाडी गेल्यावर त्या माऊलीने माझ्या आईला सांगितलं, की मुलीने नोकरी केली तर आमची काही हरकत नाही, पण जनरल शिफ्टची. सकाळी जायचं, दिवेलागणीला घरी. शिफ्ट-बिफ्ट आमच्यात चालायची नाही. मिलिंद खाली बघत बशी फिरवत होता. त्याला शिंक आली, तर त्याच्या आधी त्याच्या आईनेच रुमाल काढून ‘आम्हाला धुळीचा त्रास आहे’ असं सांगितलं.

ते गेल्यावर घरात सगळे खूश. निर्व्यसनी मुलगा, माणसं साधी, जवळचं गाव. आत्या म्हणाली, ‘त्यांना अजून येक पोरगी बघायचीय आमच्या देहूरोडची. पुढल्या रविवारपत्तोर व्हय का न्हाई ते सांगा. मग माझ्या नावानं खडे फोडू नका.’ मी म्हटलं, मला त्या मुलाशी एकटीने बोलायचंय. त्याच्या आईशिवाय. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं, की मी सेकंड शिफ्ट केलेली त्याला चालेल का. चालत नसेल तर नाही म्हणावं, पण त्याने म्हणावं. ते जमत नसेल तर माझं उत्तर नाही. आई कपाळाला हात लावून बसली. ‘अगं पण बोलणार कुठं?’ आत्या म्हणाली. हा प्रश्न मात्र खराच होता. आमच्या घरात बोललं तर प्लायवूडपलीकडून काकू उत्तर देणार. त्यांच्या घरी त्याची आई. बागेत न्यायचं तर लग्नाआधी बागेत बसलेली मुलगी अख्ख्या कासारवाडीला दिसणार. विहारात सगळे ओळखीचे. हॉटेलात जायला त्याची आई त्याला सोडणार नाही. शकीलचाचा तिथेच सुकटीची वाट बघत बसले होते. ते म्हणाले, ‘भाभी, माझ्या एअर शॉवरमध्ये दोन माणसं मावतात.’ आईने त्यांच्याकडे असं बघितलं, की ते उठून घरी गेले. पप्पा इतका वेळ छताकडे बघत होते. मग म्हणाले, ‘रविवारी फॅमिली डे आहे.’

फॅमिली डे म्हणजे वर्षातून एकदा कंपनीत कामगारांच्या घरच्यांना बोलवायचे. लाइन बंद, फाटकावर फुगे, हातात सामोसा, वेफर्स आणि बर्फीचा खोका, आणि ज्याचं त्याने आपल्या माणसांना आपलं मशीन दाखवायचं. पप्पांचा हिशेब सरळ होता. शॉवर चालू असताना गाडीच्या आत बसलेल्या दोघांचं बोलणं जगात कुणाला ऐकू जाणं शक्य नाही. दोघं काचेच्या खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, त्यामुळे नाव ठेवायला जागा नाही. आणि फॅमिली डेला सगळं कुटुंब येतं, तेव्हा मुलाकडच्यांना बोलवण्यातही काही वावगं नाही. पप्पांना खोटं बोलता येत नसे, म्हणून त्यांनी कॅन्टीनमध्ये आपल्या साहेबांना खरं तेच सांगितलं, की मुलीला स्थळ आलंय, दोघांना बोलायला जागा नाही, तर शॉवरमध्ये एक गाडी पाच मिनिटं मिळेल का. साहेबांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, ‘त्यांना सेफ्टी शूज लागतील.’ पप्पा आनंदाने घरी आले आणि माझ्या पायाचं माप घेतलं.

त्या रविवारी मी आईची मोरपंखी साडी नेसले होते. केसात अबोली. पायात पुरुषी, लोखंडी टोकाचे बूट. शॉवरच्या दाराशी पोचल्यावर साहेबांच्या माणसाने मला पिवळं हेल्मेट आणि डोळ्यांवर लावायचा सेफ्टी गॉगल दिला. हेल्मेट अबोलीवर बसेना, तेव्हा आत्याने ते वरून दाबून बसवलं. समोरून मिलिंद आला तो त्याच वेशात. मुलीने मुलाला नीट बघावं म्हणून इतका खटाटोप केला आणि आम्हाला एकमेकांचं फक्त नाक दिसत होतं. एवढ्यात माइक हातात घेतलेले एक गृहस्थ आले. साहेबांना पप्पांची कल्पना इतकी पसंत पडली होती, की त्यांनी ती कार्यक्रमात घातली होती. ‘आता आपल्या शॉवर विभागाचं प्रात्यक्षिक,’ माइक गरजला. ‘आपल्या सहकाऱ्यांची कन्या आणि होणारे जावई गाडीत बसत आहेत. टाळ्या!’ सामोसे खात फिरणारी सगळी खाती तिथे गोळा झाली. लहान मुलं काचेला नाक लावून उभी राहिली. आई पदराने तोंड झाकून भिंतीकडे वळली. मला त्या क्षणी पप्पांचा इतका राग आला होता, की हेल्मेट भिरकावून सरळ बसस्टॉपवर जावं असं वाटलं. एकांत मागितला होता मी, आणि मला निम्मं चाकण बघत होतं.

त्यात मिलिंदची आई पुढे झाली. ‘आम्हाला पाण्याची भीती आहे,’ ती म्हणाली. ‘लहानपणी नदीत पडलो होतो. मी बसते सोबत.’ पप्पा तिला समजावू लागले, की ताई, आत पाणी येत नाही, ते येऊ नये म्हणूनच तर सगळं आहे. पण ती ऐकेना. तिने स्वतःच एक हेल्मेट उचललं आणि मागचं दार उघडून बसलीसुद्धा. पुढे आम्ही दोघं, मागे ती, हातातली पर्स मांडीवर धरून. आता बोलणार काय? मी काचेतून पप्पांकडे बघितलं. त्यांनी मला हाताने ‘थांब’ अशी खूण केली आणि बटण दाबलं.

तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. पत्र्यावरचा पाऊस मला चांगला माहीत होता, पण हे म्हणजे शंभर पत्र्यांवर शंभर पाऊस एकदम. क्षणात काचा पांढऱ्या झाल्या. माणसं, फुगे, माइकवाला, सगळं पुसलं गेलं. आणि मग माझ्या लक्षात आलं, की पप्पांनी खूण का केली होती. मागून त्याची आई काहीतरी म्हणत होती. तोंड हलताना दिसत होतं, पण एक अक्षर ऐकू येत नव्हतं. म्हणजे आमचंही तिला येत नसणार. मी मिलिंदच्या हेल्मेटला हेल्मेट टेकवून ओरडले, ‘मी सेकंड शिफ्ट करते. तुम्हाला चालेल का?’

त्याने सवयीने मागे बघितलं. मागून काहीच मदत येईना. मग तो माझ्याकडे वळला आणि ओरडला, ‘सेकंड शिफ्ट सगळ्यात भारी!’

‘का?’

‘घरी गेल्यावर आई झोपलेली असते!’

मला हसू आवरेना. गॉगलच्या आतून डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो मात्र हसत नव्हता, तो सुटलाच होता. म्हणाला, मी सेकंड मागून घेतो. मला चहात चार चमचे साखर लागते, कंपनीत पितो. मला धुळीचा काही त्रास नाही, मला फक्त शिंक आली होती. मी नदीत पडलो नव्हतो, मी उडी मारली होती. मला थेट प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. हे सगळं तो माझ्या हेल्मेटवर ओरडत होता आणि मागे त्याची आई आमच्या दोघांच्या खांद्यांमधून मान घालत होती. मी म्हटलं, ‘मग हे बाहेर सगळ्यांसमोर सांगा. आईंसमोर.’ त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मला वाटलं, संपलं. आत बोलणारी माणसं मी खूप बघितली होती. आमच्या कंपनीत बसमध्ये सगळ्या शूर असायच्या आणि सुपरवायझरसमोर एकीचंही तोंड उघडायचं नाही. त्यात मीही आले. पण मिलिंदने एकदम सीटवर गुडघा टेकला, मागे वळला आणि छाती भरून श्वास घेतला. ‘ती सेकंड शिफ्टच करणार!’

नेमकं तो श्वास घेत असतानाच पप्पांनी पाणी बंद केलं होतं. ते वाक्य दारं-खिडक्यांतून बाहेर पडलं, काचेवर आपटलं आणि पेंट शॉपपर्यंत गेलं. तिथे शकीलचाचांनीसुद्धा ऐकलं, असं ते पुढे शपथेवर सांगायचे. दार उघडलं. त्याची आई खाली उतरली तर तिच्या खांद्यावरून पाणी ओघळत होतं, डावी बाजू पार भिजलेली. लाइन बंद असल्यामुळे साहेबांच्या माणसाने रबर बदलायला बाजूला काढलेली गाडीच आम्हाला दिली होती. आत बसून ती मघापासून पाणी पडतंय, पाणी पडतंय असं ओरडत होती आणि कुणालाच ऐकू गेलं नव्हतं.

‘भिजले मी!’ ती म्हणाली.

‘कुठून?’ पप्पा बॅटरी घेऊन धावले.

‘अहो डोक्यावरून!’

‘तसं नाही ताई, नेमकं कुठून? पाणी जिथे पडतं तिथून ते आलेलं नसतं.’ आणि ते तिला तिथेच सोडून गाडीत शिरले. आईने तिला आपला रुमाल दिला. तिने तो घेतला नाही. ती मुलाकडे बघत होती. ‘काय म्हणालास तू?’ माझ्यासमोर पहिल्यांदाच ती त्याला ‘आम्ही’ न म्हणता ‘तू’ म्हणाली होती. मिलिंदच्या कानात अजून पाणीच वाजत होतं, म्हणून तो पुन्हा ओरडूनच म्हणाला, ‘ती सेकंड शिफ्ट करणार!’

‘मग दोघांचा डबा कोण करणार?’

‘मी!’

‘तुला कुठं येतं?’

‘शिकतो!’

‘टाळ्या!’ माइकवाला म्हणाला. लोकांनी खरंच टाळ्या वाजवल्या. आत्याने आपल्या खोक्यातली बर्फी काढून माझ्या तोंडात कोंबली. ‘ठरलं बाय! गुणाचा हाय पोरगा!’ आई डोळे पुसायला लागली. कुणी मिलिंदच्या हेल्मेटवर टपल्या मारत होतं, कुणी पप्पांना ‘जावई चांगला बघितलात राव’ म्हणत होतं. त्याची आई एका खुर्चीवर बसून पदर पिळत होती आणि हळू आवाजात माझ्या आईला विचारत होती, ‘ह्याला चपाती तरी लाटता येईल का हो?’ तिचा मला राग आला नाही. एकटीने वाढवलेलं पोर. त्याच्या वतीने बोलता बोलता त्यालाही आवाज आहे हे ती विसरूनच गेली असावी. हे मला त्या दिवशी कळलं असं नाही, बऱ्याच वर्षांनी कळलं. त्या दिवशी मी फक्त तोंडात बर्फी घेऊन उभी होते आणि सगळेजण माझं लग्न ठरल्याचा आनंद करत होते.

पप्पा गाडीतून बाहेर आले. रबर कुठे फाटलंय ते त्यांना सापडलं होतं आणि चेहरा समाधानाने फुलला होता. मला बघून ते थांबले. हातातली बॅटरी तशीच चालू होती, तिचा उजेड सवयीने माझ्या तोंडावर पडला. ‘पोरी,’ ते म्हणाले, ‘त्याचं कळलं. तुझं काय?’

मला रडूच आलं. इतके दिवस मी एकाच गोष्टीच्या मागे होते, की हा माणूस मला कामाला जाऊ देईल का. तो मला आवडतो का, हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. परवानगी मिळाली की झालं, असंच मी धरून चालले होते. पण परवानगी मिळाली आणि कळलं, की मला त्याच्याबद्दल साखर आणि नदी सोडून काहीच माहीत नाही. आणि हेही कळलं, की ते माहीत करून घ्यायची मला फार, फार इच्छा आहे. मी बर्फी गिळली.

‘पप्पा, मला अजून एकदा आत बसायचंय. आम्ही दोघंच.’

‘आता गं काय!’ आत्या ओरडली. ‘समदं ठरलं की!’ मागे शॉवर बघायला आलेल्या दुसऱ्या घरांची रांग लागली होती, तिथून कुरकुर सुरू झाली. साहेब घड्याळाकडे बघू लागले. मिलिंदची आई खुर्चीवरून उठली, एक पाऊल पुढे आली, आणि मग का कोण जाणे, परत बसली. मिलिंदने तोवर हेल्मेट सारखं केलं होतं आणि तो गाडीत जाऊन बसलाही होता. या वेळी त्याने आतून माझ्यासाठी दार उघडून धरलं. पप्पांनी रांगेकडे वळून सांगितलं, ‘थांबा जरा. टेस्ट पूर्ण झालेली नाही,’ आणि बटण दाबलं.

त्या दुसऱ्या पाण्यात आम्ही काय बोललो ते मी आईला सांगितलं नाही, आत्याला सांगितलं नाही. सासूबाईंनी पुढे वर्षानुवर्षं नाना वाटांनी काढून बघितलं, माझ्या आजारपणातसुद्धा एकदा प्रयत्न केला, त्यांनाही सांगितलं नाही. आमच्या दोघांच्या सगळ्या आयुष्यात तेवढंच एक बोलणं असं झालं, जे दुसऱ्या कुणाच्या कानावर गेलं नाही. तेव्हा ते इथेही लिहिणार नाही.